सातुर्नीनो मास्तरांचा आखूड विसावा

कार्देनास गावात मास्तरांना कुणी नुसतं सातुर्नीनो म्हणून हाक मारत नसे. मारली, तर चहूबाजूंनी पोरं धावून येत. मास्तरांच्या वाजवण्यावर जमलेली लग्नं एवढी, आणि त्या लग्नांतून झालेल्या पोरांना कौतुकाने मास्तरांचंच नाव ठेवायची लोकांना खोड एवढी, की शाळेतल्या बाई शेवटी वैतागल्या आणि पोरांना बापाच्या धंद्यावरून ओळखू लागल्या: सुताराचा सातुर्नीनो, पिंपवाल्याचा सातुर्नीनो, खेकडेवाल्याचा सातुर्नीनो. मास्तर स्वतः मात्र पन्नाशीला टेकले तरी सडेफटिंगच होते.

वाजंत्री माणसाचा आणि लोकांच्या लग्नाचा काय संबंध, असं विचारणारा माणूस कधी दान्सोन नाचलेला नाही, एवढंच म्हणायचं. दान्सोन म्हणजे उड्या मारायचा नाच नव्हे. त्यात सुरुवातीला, आणि पुढेही नाचाच्या प्रत्येक तुकड्याआधी, विसावा असतो. विसाव्यात वाद्यं वाजत असतात, पण नाचत कुणी नाही. पुरुष रुमालाने मान पुसतात, बायका पंखा हलवतात, आणि जोडी हातात हात घेऊन उभ्या जागी बोलते. भिंतीकडच्या खुर्च्यांवर आया, मावश्या, आत्या डोळे फाडून बसलेल्या असतात, पण वाद्यांच्या आवाजात त्यांना एक अक्षर ऐकू येत नाही. चारचौघांच्या डोळ्यांसमोर आणि चारचौघांच्या कानाआड. एवढी सोय पाद्र्याच्या कबुलीखोलीतसुद्धा नाही. म्हणून आमच्याकडे मनातलं काही बोलायचं तर सभ्य माणूस विसाव्यात बोलतो. दारात उभं राहून असलं काही बोलणं म्हणजे बाईचं नाव गल्लीभर वाटणं.

आणि विसावा किती लांबवायचा, हे मास्तराच्या मर्जीवर.

सातुर्नीनोंची कारकीर्द तशी सुईदोऱ्यातून निघाली. दिवसा शिंपीकाम आणि संध्याकाळी आगीच्या बंबवाल्यांच्या बँडात क्लॅरिनेट. पुढे म्हाताऱ्या क्रेसेन्सिओच्या ताफ्यात ते दुसरे क्लॅरिनेटवाले झाले. क्रेसेन्सिओ कॉर्नेट फुंकायचा. त्याचे पुढचे दात पडले आणि ताफा आपसूक सातुर्नीनोंच्या गळ्यात आला. पहिलं वर्षभर लोक म्हणाले, "बरा वाजवतो." आमच्या गावात 'बरा' म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा बघू.

मग एका रविवारी, आर्मोनिया संस्थेच्या सभागृहात, चुरूट वळणारा एक लाजाळू तरुण समोरच्या मुलीपुढे नुसताच तोंड उघडून उभा राहिलेला मास्तरांना वाजंत्र्यांच्या चौथऱ्यावरून दिसला. शब्द ओठाशी आलेला आणि विसावा संपत आलेला. मास्तरांना त्याची दया आली. त्यांनी ताफ्याला भुवईने खुणावलं आणि विसावा पुन्हा सुरुवातीपासून घेतला. संपता संपता परत घेतला. मुलगी हसली, मान हलली, आणि ख्रिसमसच्या आत लग्न उरकलं.

तिथून मास्तरांचं नशीब फळफळलं. उपवर मुलींच्या आया शिंप्याच्या दुकानात अंडी पाठवू लागल्या, डुकराचं खरपूस भाजलेलं कातडं पाठवू लागल्या. मास्तरांची नजरही तयार झाली. पंखा कसा हलतो, खांदा कुठे वळतो, यावरून त्यांना कळे की इथे वेळ हवा आहे का घाई. नव्या जोडीला लांब विसावा. भांडून आलेल्या नवराबायकोला आखूड, म्हणजे तोंड उघडायच्या आत पाय हलवायला लागावेत. चौकापलीकडच्या गोऱ्यांच्या क्लबातही ताफा वाजवायला जाई, पण तिथे मास्तर विसावा ठरीव मापाचा देत. "त्यांची लग्नं वकील जमवतात," म्हणत. "आपण मध्ये कशाला पडा."

असा हा माणूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कळसा होता समोरच्याच घरात. एदुविहेस बाई, पिंपं बांधणाऱ्या एका कारागिराची विधवा, पेरूची वडी आणि नारळाची मिठाई करून विकायच्या. मास्तर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांच्या खिडकीशी उभे राहून कॉफी प्यायचे. बोलणं काय, तर तांदूळ महागला, शेजाऱ्याचं डुक्कर सुटलं, गावात मोटार आली आणि खांबावर आपटली. यापलीकडे एक शब्द नाही. मास्तरांच्या मनात काहीच नव्हतं म्हणावं, तर पावसापाण्याच्या दिवशीही खिडकी चुकत नसे. मग कोट भिजे, कॉफीत पाणी पडे, आणि मास्तर म्हणत की आज कॉफी झकास झाली आहे.

ताफ्यातला तिबुर्सिओ, वाळक्या भोपळ्यावर काडी खरखर घासून ताल धरणारा, हे सगळं ओळखून होता. या भोपळेवाल्याचे दोन्ही हात कामात पण तोंड मोकळं, त्यामुळे वाजवता वाजवता तो अखंड बोलत असे.

"मास्तर," तो म्हणायचा, "गावातली सगळी बोलकी झाली, तुम्ही तेवढे मुके."

"माझं तोंड विसाव्यात रिकामं असतं का?" मास्तर म्हणायचे. "क्लॅरिनेट काय कानाने फुंकू?"

हा विनोद नव्हता. मास्तरांना खरंच तसं वाटे. असलं बोलणं विसाव्यातच बोलायचं असतं, आणि विसाव्यात आपलं तोंड भरलेलं असतं. तेव्हा विषय संपला. इतक्या जणांना वाट करून देणाऱ्या माणसाला स्वतःपुरती एवढीही फट सापडू नये, याला काय म्हणावं?

एके दिवशी दुकानात पांतालेओन आला. कोळशाची वखार, खेचरांच्या गाड्या, दाराएवढी छाती आणि कोकरासारखा स्वभाव. फक्त त्याचं एक होतं. नमनालाच घडाभर तेल. 'काय, कसं काय' विचारलं तर तो आजोबांपासून सुरुवात करी.

"मास्तर, पांढरा सूट शिवायचा आहे," तो म्हणाला, आणि मग पांढरा का, याची हकीकत सांगत राहिला. त्याच्या छातीचं, बाहीचं, कमरेचं माप घेऊन झालं आणि मास्तर पायाशी वाकले, तेव्हा कुठे तो मुद्द्यावर आला. "मी एदुविहेस बाईंना विचारणार आहे. येत्या रविवारी."

फीत मास्तरांच्या हातून सुटून गुंडाळत कपाटाखाली गेली.

"एवढीच विनंती," पांतालेओन अदबीने म्हणाला, "माझ्यासाठी विसावा जरा लांबवा. मला बोलायला वेळ लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

मास्तर कपाटाखाली हात घालून फीत शोधत होते. तिथूनच ते म्हणाले, "लांबवतो ना. त्यात काय."

सूट त्यांनी फक्कड शिवला. त्यात काही खोट ठेवली नाही. कात्री ही कात्री असते, तिला मत्सर नसतो. पण रविवारी दुपारी आर्मोनियाचं सभागृह भरलं, आणि त्या सुटातला पांतालेओन एदुविहेस बाईंचा हात धरून नेमका समोर येऊन उभा राहिला. विसावा सुरू झाला. पांतालेओनने घसा साफ केला, तोंड उघडलं. मास्तरांनी भुवई खाली ओढली, आणि ताफा धाडकन नाचाच्या तुकड्यावर गेला. उघडं तोंड मिटून पांतालेओनला नाचावं लागलं.

पुढचा विसावा तसाच आखूड. त्यापुढचाही.

"रीड ओली झाली होती," नंतर मास्तर क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी दाखवत म्हणाले.

"कुणाची?" तिबुर्सिओने विचारलं.

दुसऱ्या रविवारी उकाड्याचं कारण झालं. तिसऱ्या रविवारी कारणच झालं नाही. बायकांना पंखा उघडायलाही सवड मिळेना. जाड्या मंडळींना धाप लागली. एका बिचाऱ्या मुलाने महिनाभर पाठ केलेलं वाक्य अर्ध्यात तुटलं, आणि ती मुलगी तेवढ्या अर्ध्याच वाक्यावर रुसली. संस्थेचे अध्यक्ष इलारिओन घाम पुसत वाजंत्र्यांच्या चौथऱ्यापाशी आले.

"मास्तर, हा नाच आहे की कवायत? पुढच्या रविवारी असंच झालं तर मातान्सासहून दुसरा ताफा बोलवावा लागेल. मला वाईट वाटेल, पण माझे गुडघे मला आधी आहेत."

मास्तरांनी मान डोलावली. सबंध गावाला कारण कळलं होतं. भिंतीकडच्या मावश्यांनी ते पहिल्याच रविवारी ओळखलं होतं आणि तेव्हापासून त्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. न कळलेला असा एकच माणूस उरला होता, आणि तो क्लॅरिनेट पुसत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडी होती, कॉफीही होती, पण एदुविहेस बाई कप हातातच धरून राहिल्या.

"मास्तर, हल्ली फार घाई असते तुम्हाला. घरी दूध उतू जातं का?"

"छे, ते आपलं, रीड…"

"रीडचं मला सांगू नका. तीन रविवार झाले. पांतालेओनच्या आजोबांचं खेचर अजून कानीमार नदीच्या अलीकडेच उभं आहे. दर विसाव्याला तो बापडा त्याला नदीपर्यंत आणतो, आणि तुम्ही ताफा सोडता की ते परत मागे. मला आता त्या मुक्या जनावराची कीव यायला लागली आहे."

मास्तरांना हसू आलं. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

"हसू नका. त्या खेचरामागून काय येणार आहे, ते मला कळतं. मी काही सोळा वर्षांची नाही. नवरा गेल्यापासून मला कुणी काही विचारलं नाही, मास्तर. पेरूची वडी केवढ्याला, एवढंच विचारतात. आज एक भला माणूस काही विचारू बघतोय. हो म्हणायचं की नाही ते माझं मी बघेन. पण मला प्रश्नच पुरा ऐकू द्यायचा नाही, हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

मास्तरांचे कान तापले. त्यांना वाटत होतं की आपण पांतालेओनच्या वाटेत उभे आहोत. खरं तर ज्या बाईच्या वाटेत ते उभे होते, ती बाई समोर कप धरून उभी होती. आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

"येत्या रविवारी देतो," ते म्हणाले. "हवा तेवढा देतो."

"द्या," बाई म्हणाल्या, आणि कप त्यांच्या हाती दिला. कॉफी गार झाली होती. ती झकास झाली आहे, असं मास्तर त्या दिवशी म्हणाले नाहीत.

दुकानात तिबुर्सिओ गुंडी लावून घ्यायला आला, तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत होते आणि दोरा जात नव्हता.

"तिबुर्सिओ, मला ती बाई हवी होती रे," ते एकदम म्हणाले.

"होती कशाला? आहे."

"आता काय उपयोग? रविवारी मीच तिला त्याच्या ओंजळीत घालायची आहे. वाजवून."

तिबुर्सिओला टोमणा सुचला असणार, पण त्याने तो मारला नाही. त्याने मास्तरांच्या हातून सुई घेऊन दोरा ओवून दिला.

रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गावाला वास लागलेला होताच. अध्यक्ष इलारिओनसुद्धा गुडघ्यांना तेल चोळून आले होते. पांतालेओन पांढऱ्या सुटात, एदुविहेस बाई निळ्या झग्यात, दोघं येऊन उभी राहिली आणि मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं.

त्या दिवशीचा विसावा ज्यांनी ऐकला ते आजही सांगतात की मास्तरांनी तसं आधी कधी वाजवलं नव्हतं. घाई नाही, ओढाताण नाही. एकदा घेतला, पुन्हा घेतला, परत घेतला. खाली पांतालेओनचं तोंड हलत होतं. त्याने हाताने काहीतरी ओलांडल्यासारखं केलं. खेचर नदीपार झालं, हे मास्तरांना वरूनही कळलं. मग वखार आली असावी, कारण त्याने छाती फुगवली. मास्तरांचे ओठ दुखू लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते फुंकण्याच्या श्रमाचं आहे, असं ज्याला मानायचं त्याने मानावं. शेवटी पांतालेओनने टोपी छातीशी धरली आणि थांबला. त्याचं वाक्य पुरं झालं होतं.

एदुविहेस बाई काहीतरी बोलल्या. थोडंच, पण त्याच्या डोळ्यांत बघून. पांतालेओनने हळूहळू मान हलवली. मग त्याने त्यांना हात दिला, सगळ्या सभागृहादेखत भिंतीपर्यंत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. नाच सुरू होण्याआधी बाईला खुर्चीवर पोचवणं याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. नकार झाला होता, आणि तो त्याने राजासारखा घेतला.

मास्तरांच्या बोटांना हे कळायला वेळ लागला. ताफा नाचाच्या तुकड्यावर गेला, जोड्या नाचू लागल्या, आणि मास्तर सवयीने वाजवत राहिले. बाई एकट्या खुर्चीवर होत्या. त्यांचा पंखा मिटलेला होता.

मग दुसरा विसावा आला. जोड्या थांबल्या, आणि एदुविहेस बाई उठल्या. आमच्या सभागृहात एकटी बाई मधून चालत गेलेली कुणी पाहिली नव्हती. लोक बाजूला सरले. बाई सरळ चौथऱ्यापाशी आल्या, कठड्यावर हात ठेवला आणि वर बघितलं.

"वाजवत राहा, मास्तर," त्या म्हणाल्या. "थांबलात तर माझा धीर जाईल."

मास्तर वाजवत राहिले.

"तुम्ही विचारणार नाही, हे मला कळून चुकलंय. पावसात भिजाल, गार कॉफी प्याल, लोकांची खेचरं अडवाल, पण विचारणार नाही. म्हणून मीच विचारते. माझ्याशी लग्न कराल का? विसावा आहे तोवर उत्तर द्या. नंतर मी पुन्हा विचारायची नाही."

भोपळ्याची काडी क्षणभर अडखळली. मास्तर वाजवतच होते. विसावा संपत आला. भुवई आपोआप वर गेली आणि ताफ्याने तो पुन्हा घेतला. बाई उभ्याच. अजून एकदा घेतला. क्लॅरिनेट वाजत होतं तोवर त्यांच्याकडून उत्तर येणं शक्य नव्हतं, आणि क्लॅरिनेट काढलं तर विसावा मोडणार होता. उभ्या कारकिर्दीत त्यांनी विसावा कधी मोडला नव्हता. भूकंप झाला होता तेव्हासुद्धा शेवटपर्यंत नेला होता.

"आता पुरे, मास्तर," वाजवता वाजवता तिबुर्सिओ खालच्या आवाजात म्हणाला. "मेलो आम्ही."

कठड्यावरचा हात जरासा सैल झाला. बाई मागे वळणार, एवढं मास्तरांना दिसलं, आणि त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

त्यांना वाटलं होतं की बाकीचे वाजवत राहतील. पण मास्तर थांबले म्हणजे थांबायचं, ही ताफ्याची वर्षानुवर्षांची शिस्त. कॉर्नेट थांबलं, फिडल थांबली, नगारे थांबले, भोपळाही गप्प झाला. पंखे जागच्या जागी राहिले. गावाच्या मनातल्या सगळ्या गोष्टी इतकी वर्षं ज्याने आपल्या आवाजाखाली झाकल्या, त्या माणसाला झाकायला आता एक सूर नव्हता. अख्खं कार्देनास कान देऊन उभं होतं.

"हो," मास्तर म्हणाले. तो शब्द जेमतेम कठड्यापर्यंत पोचला. "हो, एदुविहेस. कधीचंच हो."

बाईंनी कठडा घट्ट धरला आणि खाली बघितलं.

मागच्या खुर्च्यांवरून एका म्हाताऱ्या आत्याने शेजारणीला विचारलं, "काय म्हणाला गं?" शेजारणीलाही ऐकू आलं नव्हतं. तिने पुढच्या रांगेला विचारलं. पुढची रांग मास्तरांकडे बघू लागली, आणि भिंतीशी उभा असलेला पांतालेओन टोपी छातीशी धरून शांतपणे म्हणाला, "मास्तर, मागच्यांना ऐकू आलं नाही."

मग मास्तर चौथऱ्याच्या कडेपर्यंत आले, एदुविहेस बाईंचा कठड्यावरचा हात त्यांनी हातात घेतला, आणि पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हो म्हणाले.